आभाळाचा फोटो काढायचा, तर आधी काय घ्यायचं?



बचत गटाच्या कार्यक्रमात आपण शेळीपालन, शिवणयंत्र, पापड-मसाल्याचं मशीन अशा सामानाबद्दल बोलत असतो. आजचं सामान जरा वेगळं आहे. रात्रीच्या आभाळाचे फोटो काढायचे, तर काय लागतं, काय लागत नाही, आणि पैसा कशावर घालायचा, याबद्दल आज बोलू. तुम्ही म्हणाल, गटातल्या बायकांना हे कशाला? आम्हालाही तसंच वाटलं होतं.

झालं असं. दिवाळीनंतरच्या एका बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी आठ हजारांचं कर्ज मागितलं. कशासाठी विचारलं, तर म्हणाल्या, "लेकीला दुर्बीण घ्यायची." लेक अकरावीला. बैठकीत हसू फुटलं. एक मावशी म्हणाल्या, "अगं माय, म्हशीला कर्ज दिलं तर दूध येतंय. दुर्बिणीला काय दूध येणार हाय का?"

ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरगी वर्षभर मोबाईलवर चांदण्यांचे फोटो काढायलीय. रात्री गच्चीवर एकटीच बसती. शेजारचे बोलायलेत. तिच्या बापानं मोबाईल काढून घेतो म्हणलंय. चांगली दुर्बीण घेतली, तर घरातल्यांना तरी पटंल की ही अभ्यासाचंच करतीय."

मग कुणी हसलं नाही. आमच्यासमोर दोन प्रश्न होते. एक पैशाचा, एक पोरीचा. आणि दुर्बिणीतलं आम्हाला कुणालाच काही कळत नव्हतं. आम्ही ताईंना म्हणालो, एक महिना द्या, माहिती काढू. गावातल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं, जाणकारांशी फोनवर बोललो, आणि स्वतः रात्री बसून पाहिलं. त्यातून जे समजलं ते आज सांगतो.

पहिलं सामान फुकट आहे

फोटोसाठी पहिली गरज दुर्बिणीची नाही, अंधाराची. मुंबईचं खगोल मंडळ लोकांना आकाश दाखवायला लोकलनं वांगणीला नेतं, कारण मुंबईत दिव्यांपुढे चांदण्या दिसतच नाहीत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवते आहे. त्यांनाही अंधारासाठी शहराबाहेर जावं लागतं. आपल्याच राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे तिथला अंधार मुद्दाम सांभाळला जातो आणि लोक तो बघायला जातात.

आपल्याकडे किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात, कंधार-मुखेडच्या वाड्यांवर, अहमदपूर-जळकोटच्या माळावर हा अंधार दाराशी आहे. नांदेड किंवा लातूर शहराच्या दिशेनं क्षितिजावर पिवळट उजेड दिसतो. त्याच्याकडे पाठ केली की झालं. गावातला हायमास्टचा दिवा मात्र आडवा येतो. त्यासाठी घराची भिंत किंवा कडब्याची गंजी आडोशाला घ्यायची. अंधारात गेल्यावर वीस-पंचवीस मिनिटं मोबाईलकडे बघायचं नाही. डोळे तेवढ्यात तयार होतात.

दिवस कोणते निवडायचे? चंद्राचा उजेडही चांदण्या पुसतो. म्हणून अमावस्या आणि तिच्या आगेमागे चार-पाच रात्री. ऋतू म्हणाल, तर दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत आपलं आभाळ सगळ्यात स्वच्छ. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात ढग.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. आपण म्हणतो, ७-८ जूनला मृग निघाला. त्या दिवसांत सूर्य मृग नक्षत्रात असतो, म्हणून ते नक्षत्र तेव्हा दिसतच नाही. ज्या मृगाची आपण पेरणीसाठी वाट बघतो, त्याचा फोटो काढायचा तर तो डिसेंबर ते फेब्रुवारीत. जानेवारीत रात्री नऊ-दहाला तो चांगला वर आलेला असतो.

हात हलला की फोटो गेला

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आठवते का? गुढीपाडवा होता. राज्याच्या बऱ्याच भागांत लोकांनी आभाळातून जळत जाणारी लांब रेघ पाहिली. काहींना उल्का वाटली, काहींना विमान. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात मोठं धातूचं कडं पडलेलं सापडलं. जाणकारांनी सांगितलं, ते चीनच्या रॉकेटचे अवशेष होते. त्या रात्री असंख्य लोकांनी मोबाईलवर व्हिडिओ काढले. आठवून बघा, त्यातले किती स्थिर होते? बहुतेकांत रेघ नाचत होती, कारण मोबाईल हातात होता.

म्हणून पैसा घालायचाच, तर पहिला पैसा स्टँडवर, म्हणजे ट्रायपॉडवर. तीन पायांचा, मोबाईल धरायला क्लिप असलेला, आणि वाऱ्यात न हलणारा. दुकानात उघडून बघा, वरून हलकेच टिचकी मारा. तो थरथरत राहिला तर घेऊ नका. मधल्या दांड्याला पाण्याची बाटली टांगली की हलका स्टँडही बसतो.

तेवढेही पैसे नसतील, तर एका कापडी पिशवीत दोन किलो ज्वारी भरा, ती गच्चीच्या कठड्यावर ठेवा आणि त्यात मोबाईल रुतवून बसवा. मोठे फोटोग्राफरसुद्धा अशी पिशवी वापरतात.

मोबाईलमध्ये काय बदलायचं

कॅमेऱ्यात 'प्रो' नावाचा पर्याय असेल तर तो उघडा. त्यात तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, शटर. म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा किती वेळ उघडा राहणार. चांदणीचा उजेड म्हणजे बारीक धारेचा नळ. घागर भरायची तर ती जास्त वेळ नळाखाली धरावी लागते. दिवसाच्या फोटोला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, चांदण्यांना दहा-पंधरा सेकंद लागतात.

मग मिनिटभर का ठेवू नये? कारण पृथ्वी फिरते आहे. आभाळ तासाला १५ अंश सरकतं, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. जास्त वेळ डोळा उघडा राहिला, तर ठिपक्याची रेघ होते. मोबाईलच्या साध्या कॅमेऱ्याला पंधरा सेकंदांच्या पुढे ती रेघ दिसायला लागते. आणि झूम केलं, तर त्याहून लवकर.

दुसरी, आयएसओ. रेडिओचा आवाज मोठा केला की गाणं मोठं होतं, पण खरखरही मोठी होते. आयएसओचं तसंच. वाढवला की चांदण्या उजळतात आणि रंगीत दाणेही वाढतात. ८०० पासून सुरुवात करा, फार तर ३२०० पर्यंत जा.

तिसरी, फोकस. अंधारात मोबाईल गोंधळतो. फोकस हातानं डोंगराच्या खुणेवर किंवा शेवटच्या टोकाला न्यायचा.

फ्लॅश बंद करायचा. बटण दाबताना मोबाईल हलतो, म्हणून पाच सेकंदांचा टायमर लावायचा. पहाटे भिंगावर दव बसतं, ते जुन्या मऊ सुती कापडानं टिपायचं, पदरानं घासायचं नाही.

चंद्राचं मात्र उलटं आहे. चंद्रावर सूर्याचं ऊन पडलेलं असतं, त्यामुळे तो भरपूर उजेडाचा. मोबाईल त्याचा पांढरा गोळा करून टाकतो. स्क्रीनवर चंद्रावर बोट दाबून धरायचं आणि उजेडाची पट्टी खाली ओढायची. डाग दिसायला लागतात.

आणि रेघाच काढायच्या असतील, तर त्याही सुंदर दिसतात. उत्तरेकडे तोंड करा. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंशांची होते. आपल्या नांदेड-लातूरहून ध्रुवतारा क्षितिजाच्या वर साधारण दोन मुठींवर दिसतो. त्याच्याकडे मोबाईल लावून तासभर एकामागून एक फोटो काढले आणि जोडले, तर सगळ्या चांदण्या ध्रुवाभोवती गोल फिरलेल्या दिसतात.

सॉफ्टवेअर म्हणजे चाळण

लेकीनं मोबाईलवर एक फोटो दाखवला, त्यात चांदण्यांपेक्षा दाणेच जास्त होते. आम्हाला वाटलं, मोबाईल महागाचा हवा. सर म्हणाले, नाही, फोटो जास्त हवेत.

हे कसं, ते आपल्या भाषेत सांगतो. गावात काही घडलं आणि एकटीनं सांगितलं, तर खरं किती आणि तिखटमीठ किती हे कळत नाही. सोळा जणींना वेगवेगळं विचारलं, तर जे खरं घडलं ते सगळ्यांच्या बोलण्यात येतं. तिखटमीठ प्रत्येकीचं वेगळं, ते एकमेकींत विरून जातं. फोटोंचंही असंच. चांदणी प्रत्येक फोटोत असते, दाणे प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी पडतात. सोळा फोटो एकावर एक जुळवून सरासरी काढली, की दाण्यांचा त्रास चौथ्या हिश्शावर येतो. याला स्टॅकिंग म्हणतात. गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये २०१९ पासून आभाळासाठीची जी सोय आहे, ती हेच करते. चार मिनिटांचा फोटो म्हणजे सोळा-सोळा सेकंदांचे पंधरा तुकडे जोडलेले.

आपल्या फोनमध्ये ती सोय नसली तरी बिघडत नाही. कॉम्प्युटरवर हे काम फुकट होतं. विंडोजवर सिक्वेटर नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते नवशिक्यांना सोपं. जमिनीवरचं झाड, घर तसंच ठेवून ते फक्त आभाळ जुळवून देतं. थोडा हात बसला की डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल. रेघांचे फोटो जोडायला स्टारस्टॅक्स. शेवटी उजेड-अंधार नीट करायला कॉम्प्युटरवर गिम्प, मोबाईलवर स्नॅपसीड. कोणती चांदणी कधी, कुठे उगवेल हे आधी बघायला स्टेलेरियम. ही सगळी फुकट मिळतात. मोबाईलवरच्या काही ॲपमध्ये पुढचे भाग पैशाचे असतात, ते न घेताही काम होतं. म्हणून 'आभाळाच्या फोटोचं सॉफ्टवेअर' म्हणून कुणी पैसे मागितले, तर आधी विचार करा.

एक युक्ती आणखी. फोटो झाल्यावर भिंग झाकून, तेच शटर आणि तोच आयएसओ ठेवून आठ-दहा काळे फोटो काढायचे. तेल मोजताना आपण रिकाम्या डब्याचं वजन आधी करतो आणि वजा करतो ना? या काळ्या फोटोंत कॅमेऱ्याचे स्वतःचे ठिपके येतात, सॉफ्टवेअर ते वजा करतं.

पहिल्या अमावस्येला पोरीसोबत आम्ही चौघी गच्चीवर बसलो. सगळे फोटो हलले. दुसऱ्या दिवशी ज्वारीची पिशवी घेतली, वीस फोटो काढले. प्रभाग संघाच्या ऑफिसातल्या लॅपटॉपवर ते जोडायला दोन तास लागले. पण त्यात मृग आला, मधल्या तीन चांदण्यांसकट. बैठकीत तो फोटो फिरला, तेव्हा दुधाचं विचारणाऱ्या मावशींनीच तो डोळ्याजवळ धरला. म्हणाल्या, "हे तर तिकांडं. आमी रात्री पाणी धरायला जायचो, तवा हे कुठवर आलं बघून टायम कळायचा." मग कोणत्या महिन्यात ते कधी मावळतं, हे त्यांनीच पोरीला सांगितलं. स्टेलेरियमवर ताडून पाहिलं. बरोबर होतं.

दुर्बीण घ्यायचीच, तर

आमच्याच ओळखीच्या एका घरात ऑनलाईन मागवलेली दुर्बीण माळ्यावर धूळ खात आहे. पेटीवर लिहिलं होतं, ५२५ पट मोठं दिसेल. पाय काडीसारखे. हात लावला की चंद्र नाचायचा, दोन मिनिटांत निघून जायचा, पुन्हा सापडायचाच नाही.

पेटीवरच्या 'पट'ला भुलू नका. तीन गोष्टी विचारा.

पुढच्या भिंगाची किंवा आरशाची रुंदी किती मिलिमीटर? दुर्बीण म्हणजे उजेड गोळा करायचं पातेलं, तोंड मोठं तर उजेड जास्त. रुंदीच्या दुपटीपलीकडचं मोठेपण धूसरच दिसतं. म्हणजे ७० मिलिमीटरला फार तर १४० पट. ५२५ हा नुसता आकडा. आणि एवढ्याची गरजही नसते. गॅलिलिओनं १६१० साली गुरूचे चार चंद्र पाहिले, ते साधारण वीस पट दाखवणाऱ्या दुर्बिणीतून.

स्टँड कसा आहे? स्टँड हलका असेल, तर चांगलं भिंगही वाया जातं.

मोबाईल बसवायची क्लिप मिळते का? दुर्बिणीच्या डोळ्याच्या भिंगावर मोबाईल धरूनच चंद्राचे, गुरूचे फोटो निघतात. हातानं धरून ते जमत नाही. ग्रहांसाठी फोटोपेक्षा मिनिटभराचा व्हिडिओ बरा. सेकंदाला तीस चित्रं धरली, तर अठराशे चित्रं मिळतात. ऑटोस्टॅकर्ट हे फुकट सॉफ्टवेअर त्यातली स्पष्ट निवडून जोडतं.

हे लक्षात घ्या, साध्या दुर्बिणीतून चंद्र आणि ग्रहांचे फोटो निघतात. अंधुक तेजोमेघाला दुर्बीण मिनिटं-मिनिटं आभाळाबरोबर फिरवावी लागते. तसा मोटारीचा स्टँड बराच महाग असतो. नवशिक्यांनी तिकडे जाऊच नये.

दुर्बिणीच्या आधी दोन डोळ्यांची दुर्बीण, म्हणजे बायनॉक्युलर, बघा. त्यावर १० गुणिले ५० असं लिहिलेलं असतं. १० पट मोठं, ५० मिलिमीटरचं भिंग. त्यातून कृत्तिकांचा झुबका, गुरूचे चंद्र, मृगाच्या तिकांड्याखालचा धुकट ठिपका दिसतो. आणि दिवसा शेतात डुकरं आली का, तेही बघता येतं.

कॅमेराच घ्यायचा असेल, तर लग्नाचे फोटो काढणारे दादा जुना डीएसएलआर विकतात. त्यांच्याकडून एक रात्र भाड्यानं घेऊन बघा, मग ठरवा.

सूर्याकडे नाही म्हणजे नाही

हे नीट ऐका आणि पोरांना सांगा. दुर्बीण, बायनॉक्युलर किंवा कॅमेऱ्यातून सूर्याकडे कधीही बघायचं नाही. एका क्षणात डोळा जातो आणि दुखतही नाही, म्हणून कळत नाही. स्वस्त दुर्बिणीसोबत डोळ्याच्या भिंगाला लावायची काळी काच येते. ती उष्णतेनं तडकते. ती फेकून द्या. एक्सरेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी यांतलं काहीही चालत नाही. सूर्यग्रहणात पीठ चाळायची नाही, मोठ्या भोकांची धान्याची चाळण उन्हात धरा. जमिनीवर प्रत्येक भोकातून छोटा खाल्लेला सूर्य पडतो. पाठ सूर्याकडे, डोळे जमिनीकडे. त्याचा फोटो काढा.

चंद्रग्रहण मात्र उघड्या डोळ्यांनी बघता येतं. ७ सप्टेंबर २०२५ ला रात्री अकरापासून बाराच्या पुढे वीस मिनिटांपर्यंत चंद्र पूर्ण झाकला होता आणि तांबूस दिसत होता. असा चंद्र पाहिल्यानं पोटुशी बाईला किंवा बाळाला काही होत नाही. भाजी चिरल्यानंही होत नाही.

मग कर्जाचं काय झालं?

आठ हजार दिले नाहीत. नाहीही म्हणालो नाही. स्टँड आणि क्लिपसाठी पंधराशे दिले. ते तीन हप्त्यांत फिटले. बायनॉक्युलर गटानं मिळून घ्यायचं ठरवलं आहे, वहीत नोंद करून ज्या घराला हवं त्याला आठ दिवस. दुर्बिणीचा विषय पुढच्या हिवाळ्यात पुन्हा घेणार. तोवर पोरगी टिकून राहिली, तर देऊ.

पोरीच्या रात्रीचा प्रश्न कर्जानं सुटणार नव्हता. त्यासाठी अमावस्येच्या आगेमागे दोन रात्री गटातल्या दोघी जणी आळीपाळीनं तिच्यासोबत बसतात. चहाचा थर्मास नेतात. आता आणखी तीन मुली येतात. शेजारचे अजून बोलतात, पण कमी. तिच्या वडिलांनी मोबाईल काढून घेतलेला नाही. एवढं झालं आहे, याहून जास्त सांगितलं तर ते खोटं होईल.

तुमच्या गटात असं कर्ज आलं, तर देण्याआधी चार गोष्टी विचारा. हाताशी असलेल्या मोबाईलवर किमान तीन महिने प्रयत्न केला का? स्टँड आहे का? फोटो जोडायला कॉम्प्युटर कुठे मिळेल? आणि रात्री तिच्यासोबत कोण बसेल? पहिल्या तिघांची उत्तरं ती देईल. चौथ्याचं आपण द्यायचं.

येत्या अमावस्येला एवढं करा. ज्वारीची पिशवी घ्या, मोबाईल टेकवा, टायमर लावा, दहा फोटो काढा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून विचारा, ह्या चांदणीला तुमच्यात काय म्हणायचे? ते नाव फोटोखाली लिहून ठेवा.